गाठवाल्यांची चंदेरी पुडकी

गाठवाल्यांना ते चित्र दिसलं दाताच्या डॉक्टरांकडे, आणि त्या वेळी त्यांचा अर्धा जबडा बधिर होता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे घडलं त्याचा थोडाफार दोष त्या इंजेक्शनकडेही जातो. एरवी गाठवाले बोलण्यात वेळ घालवतात. तोंड बंद पडलं की मात्र त्यांना स्वप्नं पडायला लागतात, आणि तीही उघड्या डोळ्यांनी.

मासिक जुनं होतं, कव्हर कुणीतरी पळवलेलं. मधल्या पानावर एक जेवणाचं टेबल होतं, भोवती एक कुटुंब, आणि प्रत्येकाच्या ताटात चंदेरी कागदाचं एकेक पुडकं. पुडक्यांची तोंडं उघडलेली, त्यांतून वाफ वर चाललेली, मागच्या खिडकीत संध्याकाळ. शेजारी मजकूर होता: भाज्या चिरा, ज्याला जे आवडतं ते त्याच्या पुडक्यात घाला, ओव्हनमध्ये ठेवा आणि सगळ्यांसोबत जेवायला बसा. भांडी घासायला नकोत, तळाला काही लागत नाही, खरवडत बसायला नको. गाठवाल्यांनी हे सगळं वाचलं, पण त्यांची नजर अडकली होती चित्रातल्या बाईवर. म्हणजे तसल्या अर्थाने नाही. चित्रातली बाई बसलेली होती.

गाठवाल्यांची बायको बसत नसे. ती एका लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला होती. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधून "हलायचं नाही" असं बजावायची आणि घरी आली की स्वयंपाकाला लागायची. मग आबा, म्हणजे गाठवाल्यांचे वडील, आणि लेक आणि स्वतः गाठवाले टेबलाशी बसत. ती वाढत राही, आणि सगळ्यांचं झालं की ओट्याशी उभी राहून, सगळ्या घराकडे पाठ करून, कढईत चमचा घालून उरलंसुरलं खाई. चमच्याचा तो खर्र खर्र आवाज हॉलपर्यंत येई. लग्नापासून गाठवाले तो ऐकत आले होते. आज त्या खुर्चीत पडल्या पडल्या त्यांनी बायकोचा जेवतानाचा चेहरा आठवून पाहिला, तर आठवली ती फक्त पाठ. त्यांचे डोळे भरून आले.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

गाठवाल्यांनी होकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

दवाखान्यातून ते चालतच घरी निघाले. दिवेलागणीची वेळ होती. रस्त्यावरच्या खिडक्या एकेक करून उजळत होत्या आणि प्रत्येक खिडकीत गाठवाल्यांना एक बसलेली बाई दिसत होती. तिच्यापुढे पुडकं होतं, पुडक्यातून वाफ निघत होती आणि ती काहीतरी सावकाश चावत होती. घर येईपर्यंत त्यांचं ठरलं. येत्या रविवारी रात्रीचा स्वयंपाक आपण करायचा, आणि आपली बायको टेबलाशी बसून गरम गरम जेवणार. मग आभाळ कोसळलं तरी चालेल.

आता, गाठवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते पार्सल ऑफिसात पॅकिंगच्या काउंटरवर होते आणि त्यांनी बांधलेली गाठ सुटत नसे. ही अतिशयोक्ती नाही. एका गृहस्थांना आलेलं पार्सल त्यांनी महिनाभर प्रयत्न करून, उघडत नाही म्हणून परत पाठवलं होतं, आणि गाठवाले ती गोष्ट आपला सत्कार झाल्यासारखी सांगत. समोरून खाकी खोकी सरकत राहत, आणि गाठवाले सुतळी ओढता ओढता ती कुठल्या घरात उघडतील, कुठल्या टेबलावर, कोण आधी हात घालेल, असं सगळं बघत बसत. दोन-तीनदा त्यांनी स्वतःचा डबाही पॅक केला होता. त्यातला एक तर गेला तो गेलाच.

ओव्हन घरात होता. लग्नात आला होता. पण त्याला ओव्हन म्हणायची पद्धत घरात नव्हती, कारण तो कपाट होता. त्यात दोन तवे, भांडी हरवलेली झाकणं, झाकणं हरवलेले डबे, एक बंद बॅटरी आणि आबांचा जुना चष्मा राहत असे. शनिवारी गाठवाल्यांनी हा सगळा संसार बाहेर काढला आणि तो ठेवायला दुसरी जागा नसल्यामुळे आबांच्या पलंगावर मांडला.

"अहो, हे काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"उद्या संध्याकाळी तू स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही."

"मग जाऊ कुठे?"

याचा विचार गाठवाल्यांनी केला नव्हता. चित्रातली बाई आधीपासूनच बसलेली होती. बसण्यापूर्वी ती कुठे होती याबद्दल मासिकात काहीच लिहिलेलं नव्हतं.

ओव्हनचा प्लग जाडजूड होता आणि घरातल्या कुठल्याच भोकात तो जाईना. वायरमन आला. त्याने प्लगकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि मग गाठवाल्यांकडे अशा काही नजरेने पाहिलं, की जणू घरात हत्ती बांधायचा बेत त्यांनी त्याच्यापुढे मांडला असावा.

"बसवतो, पण मोठा सॉकेट बसवायचा तर कमिटीची परवानगी लागते. मागे तुमच्या वरच्यांनी गीझर बसवला तर लिफ्ट मधेच थांबली होती."

कमिटी म्हणजे नियमकाका. बाकीचे सभासद मीटिंगला येत नसल्यामुळे नियमकाका एकटेच बहुमताने निर्णय घेत. गाठवाले गेले तेव्हा ते जिन्यातल्या वाळूच्या लाल बादल्यांवरची धूळ पुसत होते. इमारत बांधल्यापासून त्या बादल्या तिथे होत्या आणि आजवर एकीतलीही वाळू कामी आली नव्हती. नियमकाकांना याचं आतून वाईट वाटत असावं.

"ओव्हन," ते म्हणाले. "म्हणजे आग."

"आग नाही काका, वीज."

"विजेचीच आग लागते. आत काय ठेवणार?"

"भाज्या. फॉइलमध्ये गुंडाळून."

"फॉइल!" नियमकाकांचे डोळे मोठे झाले. "चकचकीत बाजू आत की बाहेर?"

मासिकात हे नव्हतं, किंवा असलंच तर पळवलेल्या कव्हरवर असणार. नियमकाकांनी सॉकेटला परवानगी दिली, पण दोन अटींवर. एक, स्वयंपाकाच्या वेळी ते स्वतः बादली घेऊन हजर राहतील. दोन, चकचकीत बाजू बाहेर, म्हणजे आग परत फिरेल.

ही बातमी जिन्यातून वर गेली. वरच्या मावशी खाली आल्या. त्या एका शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि कुठल्याही कापडाची उलटसुलट बाजू त्यांना हात लावून कळत असे.

"बाहेर? काहीतरीच काय! सुलट बाजू अन्नाला लागायला हवी. तुम्ही अस्तर बाहेरून लावता का?"

सॉकेट बसवता बसवता वायरमन म्हणाला, की आत-बाहेर काही फरक पडत नाही, दोन्ही बाजू सारख्याच. झालं, मावशी आणि नियमकाका एक झाले आणि त्याच्यावर तुटून पडले. संध्याकाळपर्यंत इमारतीत दोन तट पडले होते. दूध आणायला गेलेल्या लेकीला तळमजल्यावर अडवून दोन अनोळखी माणसांनी विचारलं, "बाळ, तुमच्याकडे आत आहे की बाहेर?" गाठवाले स्वभावाने भिडस्त. त्यांनी सगळ्यांना खूश ठेवायचं ठरवलं. दोन थर लावायचे, एक आत चकचकीत, एक बाहेर चकचकीत.

जाता जाता मावशी म्हणाल्या, "आणि एक लक्षात ठेवा हं. वाफेला जागा ठेवा. गच्च बांधू नका."

गाठवाल्यांच्या कपाळाला आठी पडली. ओव्हनबद्दल कुणी काही सांगावं, भाजीबद्दल सांगावं, त्यांनी ऐकून घेतलं असतं. पण बांधण्याबद्दल?

"मावशी," ते शक्य तितक्या नम्रपणे म्हणाले, "माझ्या हातचं पार्सल आजवर उलगडलेलं नाही."

खरी पंचाईत वेगळीच होती, आणि ती गाठवाल्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. ज्याला जे आवडतं ते त्याच्या पुडक्यात. आबांना कांदा वर्ज्य, सगळं मऊ हवं. लेकीला गाजर दिसलं तरी ती नाक मुरडते, मका-कांदा मात्र हवा. स्वतः गाठवाल्यांना बटाटा, त्यावर बटाटा, आणि वर लोणी. इथपर्यंत सोपं होतं. चौथ्या पुडक्यापाशी हात थांबला. बायकोला काय आवडतं?

त्यांनी लेकीला विचारलं. "आईला? आईला सगळं आवडतं," लेक म्हणाली. त्यांनी आबांना विचारलं. आबा म्हणाले, "सूनबाई कशाला नाही म्हणत नाही, तुझ्यासारखे नखरे नाही करत." शेवटी रात्री कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकोलाच त्यांनी, अगदी सहज विचारतोय अशा सुरात, विचारलं.

"काय गं, तुला काय आवडतं?"

"कशातलं?"

"असंच. एकंदरीत."

बायकोने उशीच्या अभ्र्याची घडी केली. "शांतता," ती म्हणाली.

रविवारी चार वाजता बायकोला बाल्कनीत खुर्ची देण्यात आली. थोड्या वेळाने ती उठून कुंड्यांना पाणी घालायला लागली. लेकीने तिला परत बसवलं. मग ती बसल्या बसल्या कुंडीतली वाळलेली पानं काढायला लागली. नियमकाका बादली घेऊन आले आणि सोफ्यावर बसले. बादली त्यांनी मांडीवर घेतली होती.

गाठवाल्यांनी भाज्या चिरल्या, मीठ-मिरी टाकली, लोण्याचे गोळे घातले, आणि मग त्यांचा खरा आनंद सुरू झाला. आधी फॉइलचा एक थर, मग दुसरा. कडा दुमडल्या, पुन्हा दुमडल्या, कोपरे काटकोनात बसवले. वरून ऑफिसातली बारीक सुती दोरी, उभी एक, आडवी एक, मधोमध त्यांची ती गाठ. शेवटी ऑफिसातून आणलेले कागदी स्टिकर: 'नाजूक' आणि 'ही बाजू वर'. आबांचं झालं, लेकीचं झालं, स्वतःचं झालं. फॉइलचा चौथा चौकोन त्यांनी ओट्यावर पसरला आणि ते विचार करत उभे राहिले.

फरसबी? फरसबी ती आबांसाठी आणते. टोमॅटो? टोमॅटो लेकीसाठी. तिने स्वतःसाठी म्हणून काही आणलेलं त्यांना आठवेना. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा येऊन त्या रिकाम्या चंदेरी चौकोनावर पडला होता, आणि त्याचा कवडसा छतावर पाण्यासारखा हलत होता. गाठवाले त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना त्यात ती दिसली, लग्न ठरलं तेव्हाची, एका खानावळीत त्यांच्यासमोर बसलेली. म्हणजे तेव्हा ती बसत होती! तिने काहीतरी मागवलं होतं. हौसेनं मागवलं होतं. काय बरं होतं ते? बशी आठवत होती, बशीची निळी किनार आठवत होती, बशीतलं काही केल्या दिसेना. त्यांचे हात मात्र सवयीने चालत राहिले, खोकी डोळ्यांसमोरून सरकत असताना चालतात तसे. कवडसा छतावरून निघून गेला तेव्हा ते भानावर आले, तर ओट्यावर चार पुडकी ओळीने तयार होती. चारही सुबक आणि गच्च.

ओव्हनमध्ये पिवळा दिवा लागला. गाठवाले समोर फरशीवर मांडी घालून बसले. काचेआड चार चंदेरी घरं दिसत होती, आणि प्रत्येक घरात कुणाचं ना कुणाचं मन सांभाळलं जात होतं. इतकं सुंदर काहीतरी आपल्या हातून कधी झालं नव्हतं, असं त्यांना वाटलं. घरात लोण्याचा वास पसरला. हॉलमध्ये आबा आणि नियमकाका चकचकीत बाजूवर हळू आवाजात भांडत होते. गाठवाल्यांच्या डोळ्यांपुढे पुडकी हळूहळू फुगत होती, आणि ती आनंदाने फुगत असावीत असा त्यांचा समज झाला.

पहिलं फुटलं ते आबांचं. आवाज फार मोठा नव्हता, पण नियमकाका ज्याची आयुष्यभर वाट बघत होते तसाच होता. पाठोपाठ लेकीचं फुटलं आणि मग गाठवाल्यांचं, त्यातला बटाटा थेट काचेवर येऊन आपटला. दोऱ्या करपल्या, 'नाजूक' काळा पडला आणि 'ही बाजू वर' मधून खरोखरच धूर वर जायला लागला. गाठवाल्यांनी दार उघडलं. नियमकाका स्वयंपाकघराच्या दारात उभे ठाकले होते, बादली डोक्याच्या वर.

"बाजूला व्हा!"

"काका," बाल्कनीतून आवाज आला. तो लॅबमधला आवाज होता. "हलायचं नाही."

नियमकाका हलले नाहीत. बादली वरच्या वर राहिली आणि बाल्कनीतून आलेल्या बायकोने ओव्हनचं बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि फडक्याने धरून ट्रे बाहेर काढला.

ट्रेची दशा बघवत नव्हती. आबांची फरसबी लेकीच्या मक्यात गेली होती, लेकीचा मका गाठवाल्यांच्या लोण्यात. मधे सगळं मऊ, लगदा झालेलं, आणि कडेकडेने ट्रेला चिकटून काळपट तपकिरी करपलेलं. पण एका कोपऱ्यात चौथं पुडकं जसंच्या तसं होतं. त्याला साधी सुरकुतीही पडली नव्हती. गाठवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

"तुझं शाबूत आहे!" ते ओरडले. "बाकी जाऊ दे. तू बस. तू फक्त बस."

त्यांनी खुर्ची ओढली. ती नुसती कडेला टेकली. ताटात पुडकं ठेवलं. सगळे भोवती जमले. दोरी कापायला कात्री आणावी लागली. तिने एक दुमड उलगडली, दुसरी उलगडली, बाहेरचा थर काढला, आतला काढला. चकचकीत बाजू आतही निघाली आणि बाहेरही. मधे काहीच नव्हतं.

"बाबा, हे रिकामं आहे," लेक म्हणाली.

"दाखवा," असं म्हणून नियमकाकाही बादलीसकट वाकून बघून गेले.

गाठवाल्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एवढी माणसं, त्यात नियमकाका, आणि त्यांच्यासमोर गाठवाल्यांच्या हातचं पार्सल रिकामं निघावं!

"मला ठरवताच येईना," ते पुटपुटले. "तुला काय आवडतं ते मला... इतकी वर्षं झाली आणि मला ठाऊकच नाही. तुला विचारलं तर तू शांतता म्हणालीस."

"म्हणून शांतता भरलीत होय?" ती म्हणाली.

ती चिडली नव्हती. तिचं लक्षच नव्हतं. तिची नजर ओट्यावरच्या ट्रेकडे लागली होती.

"त्याचं काय करणार आहात?"

"टाकून देतो. घासतोही मी, तू उठू नकोस."

"खबरदार टाकलंत तर. आणा इकडे. आणि चमचा आणा. तो नको, तो जुना, लोखंडी."

गाठवाल्यांनी ट्रे तिच्यासमोर ठेवला. तिने खुर्ची पुढे ओढली, आता पाठ टेकून, नीट बसली, आणि ट्रेच्या कडेला चमचा लावला. खर्र. आवाज तोच होता, पण आज पाठीमागून येत नव्हता. तिने तो काळा, कुरकुरीत, लोण्यात भिजलेला पापुद्रा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"सूनबाई, करपलंय गं ते," आबा म्हणाले.

"करपलेलंच तर." तिने डोळे उघडले नाहीत. "लहानपणी आम्ही भावंडं खरवडीसाठी मारामाऱ्या करायचो. मला कधी मिळायची नाही, मी सगळ्यांत धाकटी. लग्न होऊन इथे आले तर कुणाला नकोच! सगळी माझी."

"म्हणून तू उभी राहून...?" गाठवाल्यांनी विचारलं.

"पाठ केली की कुणी मागत नाही."

गाठवाल्यांच्या डोळ्यांपुढून ते मासिक, ती खिडकी, तो दवाखाना सगळं सरकत गेलं. तळाला काही लागत नाही, खरवडत बसायला नको, असं छापलेलं होतं तिथे. म्हणजे सगळं ठरल्यासारखं पार पडलं असतं तर तिला आज काहीच मिळालं नसतं. आणि आपण तिच्यासाठी डोळ्यांत पाणी आणलं. दुसरं इंजेक्शन तर निव्वळ फुकट गेलं होतं.

"मला पण दे ना," लेक म्हणाली.

"मधलं मऊ घ्या तुम्ही सगळे. कडा माझ्या."

आजवर या घरात तिने कुणाला नाही म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. लेक हसायला लागली. आबांनी मऊ वाढून घेतलं आणि कांदा लागला तरी बोलले नाहीत. नियमकाकांना खुर्ची मिळाली, तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहून बादली एकदाची खाली ठेवली. बाहेर दिवे लागत होते. खिडकीतून उरलेला धूर अगदी सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखा निघून चालला होता.

गाठवाले मात्र बघत राहिले. ती चावताना डावीकडे मान कलती करते. आवडलं की भुवया किंचित वर जातात. हे त्यांना माहीतच नव्हतं. ट्रेमध्ये त्यांच्यासाठी बटाटा शिल्लक होता की नाही हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

तिने वर पाहिलं. मग ट्रेचा एक कोपरा, चांगला काळा, नीट जपून ठेवलेला, चमच्याने उचकटला आणि त्यांच्यापुढे धरला.

"एवढाच हं. पुन्हा मागायचं नाही."

गाठवाल्यांनी हात पुढे केला, पण तिने चमचा मागे घेतला.

"असे उभ्याने काय खाताय? बसा आधी."

गाठवाल्यांनी आजूबाजूला पाहिलं. टेबलाशी सगळे बसले होते. ओट्याशी उभे होते ते एकटेच.

ते बसले.